सुगरतामावशीच्या अठरा बांगड्या

माझ्या आयुष्यातला एकुलता एक मोठा शोध मी बाळंतपणाच्या आठव्या दिवशी लावला, तोही न्हाणीघरात पाटावर बसून, अंगभर तेल चोपडलेलं असताना. परिषदांमध्ये मी हे सांगत नाही. तिथे ‘क्षेत्रभेटीदरम्यान’ असं म्हणते.

साल होतं २०४३. मी नागपूरच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला होते आणि पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, साकोलीच्या पलीकडे पांढरगोट्याला आले होते. दवाखान्यातून लेकीला घेऊन घरी आले त्या दिवसापासून आईने मला कोंडून घातलं. खिडक्या बंद, फटींत चिंध्या कोंबलेल्या, दारावर गोधडी आणि खाटेखाली शेगडीत ओव्याचा धूर. बाळंतिणीला वारा लागता कामा नये, हा आईच्या घराचा कायदा. मी पीएचडी असले तरी तो मलाही लागू होता.

“तेजल, चाळीस दिवस निमूट पडून राहा,” आई म्हणाली. “मंग नागपूरले जाऊन काय दिवे लावाचे ते लाव.”

खोलीला लागूनच न्हाणीघर होतं, तेही गच्च बंद. तिथे सकाळ-संध्याकाळ सुगरतामावशीचं राज्य चालायचं. मावशी आमच्या गावची दाई, वय अडुसष्ट. बाळंतपणं दवाखान्यात व्हायला लागून जमाना झाला, पण आई आणि बाळाचं तेल लावणं, शेकणं, न्हाऊ घालणं हे अजून तिच्याचकडे होतं. मलाही जन्मल्यावर तिनेच न्हाऊ घातलं होतं आणि ही गोष्ट ती दिवसातून दोनदा ऐकवायची. “तुहं नाक केवढं चपटं होतं वो! मी ओढून-ओढून सरळ केलं. आता मोठी बाई झाली, मलेच अक्कल शिकवते.”

तिच्या दोन्ही हातांत मनगटापासून वर चढत गेलेल्या काचेच्या बांगड्या होत्या. पहिलटकरणीच्या घरून दाईला चोळी-बांगडी करायची आमच्याकडे रीत आहे. चोळ्या विरल्या, बऱ्याच बांगड्या फुटल्या, पण अठरा टिकल्या होत्या. नवरा गेला तेव्हा बायका तिच्या बांगड्या फोडायला आल्या. त्यांना तिने उंबऱ्यातच अडवलं. “ह्या का तुमच्या भाऊजीनं भरल्या होत्या? ह्या लेकरायच्या आहेत. कोनी हात लावून तं पाहा.” कोणी लावला नाही.

आता माझं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी जुन्या काचा वाचते. आमच्याकडे मोबाइलएवढं एक यंत्र आहे, काचवाचक. आरशावर, तसबिरीवर किंवा कपाटाच्या दारावर दोन मिनिटं धरलं, की त्या खोलीत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत रेडॉन किती होता त्याचा अंदाज देतं. रजेवर जाताना ते जमा करायचं असतं. मी विसरले. म्हणजे विसरले असं लिहून दिलं.

आठव्या दिवशी मावशी माझ्या पाठीवर कढत पाणी ओतत होती. खोली वाफेने भरली होती, मला जांभया येत होत्या आणि तिच्या बांगड्या माझ्या कानाशी किणकिणत होत्या. निव्वळ चाळा म्हणून मी तिचा हात धरला आणि कोनाड्यात लपवलेलं यंत्र एका हिरव्या बांगडीवर टेकवलं.

“हे काय करून राह्यली? फोटो काढते का?”

“गंमत गं मावशी. हलू नको.”

घरातल्या साध्या काचेवर पंधरा-वीस खुणा सापडतात. पडद्यावर आकडा आला दोनशे तीस. यंत्रात पाणी शिरलं असणार, असं वाटलं. मी ते टॉवेलने पुसलं आणि शेजारच्या लाल बांगडीवर धरलं. दोनशे अठ्ठावीस. माझी जांभई अर्ध्यात थांबली.

रेडॉन हा किरणोत्सारी वायू आहे. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. आमच्या भागातल्या खडकात थोडं युरेनियम असतं. ते अब्जावधी वर्षं सावकाश मोडत राहतं आणि त्या मोडण्याच्या साखळीत एका पायरीवर रेडॉन तयार होतो. खोल खडकातलं पाणी तो पोटात घेऊन बसतं. पाणी वर आलं, ओतलं, उकळलं, की तो हवेत पळतो. साडेतीन-चार दिवसांत त्यातला निम्मा आपोआप संपतो. पाण्यातून पोटात गेला तर कर्करोगाचा थोडा धोका असतोच, पण पाण्यातून सुटून श्वासावाटे छातीत गेला तर धोका त्याहून पुष्कळ जास्त. रेडॉन स्वतः आला तसा बाहेर जातो. त्याची पिल्लावळ मात्र, म्हणजे तो मोडल्यावर उरणारे कण, फुप्फुसात चिकटून बसतात.

हेच कण काचेवरही बसतात. कण मोडताना एक गोळी सोडतो आणि बंदूक मागे खांद्यात धक्का मारते तसा उरलेला अणू मागे फेकला जातो, थेट काचेच्या आत. तिथून तो घासून निघत नाही, साबणाने निघत नाही. त्याचं शिसं होतं आणि ते बावीस वर्षांनी निम्मं उरतं. काचवाचक त्याच्याच खुणा मोजतो. आरसे वाचले जातात, खिडक्या वाचल्या जातात. माणसाच्या अंगावर वर्षानुवर्षं राहिलेली काच कोणी वाचली नव्हती, कारण बाहेरच्या शास्त्रज्ञांच्या डोक्यात बांगडी कुठून येणार? आणि आमच्या डोक्यात ती होती, पण हातात.

त्या दिवशी संध्याकाळी मी मावशीला समोर बसवलं आणि एकेक बांगडी वाचली. तिला तर ही पर्वणीच वाटली. तिला प्रत्येक बांगडी पाठ होती. “हे पारधीच्या सुनेची, तिले जुळे झाले त्या सालची. हे निळी मास्तरच्या पोरीची, लय रडकी होती. हे...” मी साल विचारायचे आणि ती सालाऐवजी पूर सांगायची, दुष्काळ सांगायची, निवडणूक सांगायची. आई मध्येच येऊन दुरुस्त करायची. दोघींची भांडणं मिटवून मी वहीत अठरा तारखा लिहिल्या, शेजारी अठरा आकडे. तुलनेसाठी आईच्या डब्यातल्या न घातलेल्या बांगड्याही वाचल्या. त्यांच्यावर जेमतेम तीन-चार खुणा होत्या.

नव्या बांगड्यांवर खुणा कमी होत्या, ते बरोबरच होतं, त्या कमी वर्षं हातात होत्या. २०४०च्या बांगडीवर चाळीस, २०३६च्या बांगडीवर सव्वाशे, २०३३च्या बांगडीवर एकशे नव्वद. मागे जावं तसा आकडा वाढत होता. पण २०३०च्या बांगडीवर दोनशे तीस आणि २००९च्या बांगडीवरही दोनशे तीसच! जुनीने एकवीस वर्षं जास्त हातात काढली होती, तरी एक खूण जास्त नाही. म्हणजे त्या एकवीस वर्षांनी काचेत काही घातलंच नव्हतं. जे काही शिरलं ते २०३०नंतर, आणि वर्षाला वीसेक खुणांच्या हिशेबाने मागे मोजलं तर २०३१च्या सुमाराला शिरायला लागलं.

“आई, गावात बोअर कधी झाली?”

“चोवीस साली. त्याच्या आंधी आपली मोठी विहीर.”

हे जुळत नव्हतं. बोअर चोवीसची आणि खुणा एकतीसपासून. मी रात्रभर बाळाला मांडीवर घेऊन डोकं खाजवत बसले असते, पण उत्तर आईनेच पोळ्या लाटता लाटता दिलं. “एकतीस साली? एकतीस साली गीझर आले नाही का सबन घरी, योजनेतून. तवापासून आंगणातली चूल सुटली. लय सुख झालं बाप्पा.”

आंगणातली चूल! मी खाटेवर उडीच मारली आणि टाके दुखले म्हणून ओरडले. बोअरचं पाणी आधी आंगणात, उघड्या हंड्यात तापायचं. रेडॉन तिथेच आभाळात जायचा. गीझर आला तसं पाणी बंद नळीतून थेट न्हाणीघरात यायला लागलं, सगळा रेडॉन पोटात घेऊन, आणि दार-खिडकी बंद असलेल्या खोलीत अंगावर ओतलं जायला लागलं. बाळंतिणीला जास्त पाणी, जास्त कढत आणि खोली जास्त बंद.

पण या सगळ्यात एक मोठी खोट होती. पांढरगोट्याच्या पाण्याचा अहवाल निर्दोष होता. एका लिटरमागे शंभर बेकरेल (किरणोत्सार मोजायचं एकक) ही धोक्याची खूण, आणि आमच्या गावाचा आकडा होता अकरा. हे मला चांगलं ठाऊक होतं, कारण दोन वर्षांपूर्वी त्या अहवालावर मीच सही केली होती. गावाहून बाटली पाठवणारी जलसुरक्षक होती माझी आई. माहेरचं पाणी म्हणून मी जरा जास्तच कौतुकाने सही ठोकली होती.

“आई, बाटली कशी भरली होतीस तू?”

“जशी भराची तशी.”

“म्हणजे कशी? कार्डावर लिहिलं होतं ना, बाटली बादलीच्या पाण्यात बुडवून भरायची, बुडबुडा राहता कामा नये, लगेच झाकण लावायचं?”

“वाचलं होतं मी.” आईने लाटणं खाली ठेवलं. “पन सायबायच्या हाती जाणारं पानी, तसंच कसं द्याचं? आदल्या दिवशी काढलं. धुतलेल्या पंच्यानं दोनदा गाळलं. रातभर तांब्याच्या गुंडात थंड केलं. सकाळी वरून धार धरून भरलं, चांगलं फेस येईपर्यंत. गाळल्याबिगर पानी देते का कोनी दुसऱ्याले?”

मी कपाळावर हात मारून घेतला. दोनदा गाळलेलं, रात्रभर उघडं ठेवलेलं, वरून धार धरलेलं! रेडॉन घालवायची एकही रीत आईने सोडली नव्हती. उपचार करून रोग तपासायला पाठवला होता. आणि मी, शिकलेली, नमुना कसा घेतला हे एका शब्दाने न विचारता सही केली होती.

रविवारी माझा नवरा प्रणय लेकीला बघायला आला. त्याच्याकडून न्हाणीघराच्या नळाला नळी लावून, बादलीत बाटली बुडवून, मी खाटेवरून सूचना देत नमुना भरून घेतला. तो बाटली घेऊन तसाच नागपूरला गेला. सोमवारी दुपारी प्रयोगशाळेतून फोन आला. वाटेतल्या वेळाची वजाबाकी-बेरीज करून आकडा होता सातशे चाळीस.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. फोनवर मी जवळजवळ किंचाळत होते. “अठरा बांगड्या, एकाच बाईच्या अंगावर, तारखांसकट! गीझर कुठल्या साली आले ते काचेत दिसतंय! असा पुरावा जगात कोणाकडे नसेल!” मावशी तिथेच पाय पसरून बसली होती, पायांवर माझी लेक. तिच्या पाठीला तेल चोळत ती ऐकत होती. मी फोन ठेवला तेव्हा तिचे हात थांबलेले होते.

“तेजल, बांगडीत एवढं शिरलं,” ती म्हणाली, “तं माह्या छातीत किती गेलं असंन?”

पाच दिवस मी त्या हातावरची काच मोजत होते. हात कोणाचा आहे हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. बारा वर्षं, गावातल्या प्रत्येक बाळंतिणीच्या बंद खोलीत, दिवसातून दोन-दोन घरं, सकाळ-संध्याकाळ. ती खोकायची तेव्हा ओव्याच्या धुराने खोकते असं आम्ही सगळेच म्हणायचो. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी रडायला लागले, तर तिलाच मला गप्प करावं लागलं.

“रडू नको, दूध आटंन. खरं सांग फक्त.”

मग खरं सांगितलं. तिने बारा वर्षं रोज पाच-सहा विड्या ओढल्या असत्या तर छातीला जेवढा धोका झाला असता, साधारण तेवढा. नक्की रोग आहे असं नाही, नाही असंही नाही. छातीचा स्कॅन करून घ्यायलाच हवा.

“अवं माय! मी तं जिनगानीत एक विडी नाही ओढली.” तिने बाळाला उलटं केलं. “अन् ह्या लेकरायले? अठराच्या अठरा पोरायले किती लागलं?”

मी तिच्यासमोर हिशेब मांडला. बाळं चाळीस दिवस, तेही रोज अर्धा-पाऊण तास. त्यांच्या वाट्याला आलं ते थोडं, आणि यापुढे पाणी सुधारलं तर आणखी कमी. ती वहीकडे बघत राहिली, वाचता येत नसलं तरी. मग तिने मोठा श्वास सोडला. “मंग ठीक आहे,” ती म्हणाली, आणि मला तिचा राग आला, कारण ठीक काहीच नव्हतं.

आई दारात उभी राहून हे ऐकत होती. तिने खुर्ची ओढली, वर चढली आणि खिडकीच्या फटींतल्या चिंध्या एकेक करून ओढून काढल्या. माझ्या आईने बाळंतिणीची खिडकी उघडली, हे कोणाला सांगितलं तर पटणार नाही. नंतर ती स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी घासत होती. घासलेलीच भांडी.

उपाय अगदी सोपा होता, हेच जास्त जिव्हारी लागत होतं. पाणी आदल्या दिवशी काढायचं, वरून ओतायचं, उघडं ठेवायचं, आणि बाहेर तापवायचं. पिढ्यान्‌पिढ्या आमच्या बायका सकाळी उठून कालचं पाणी शिळं म्हणून ओतून देत आल्या, आणि आता मी सांगत होते की शिळंच वापरा. मी चुकीच्या अहवालाची कबुली लिहून पाठवली, खाली सही केली. महिनाभरात ग्रामपंचायतीने टाकीत हवा सोडायचा पंप बसवला. नव्या नमुन्याचा आकडा चाळीसच्या आत आला. तो नमुनाही आईनेच भरला, पण बादलीत बुडवून, ओठ घट्ट मिटून.

मावशी मात्र स्कॅनला यायला तयार नव्हती. “देवांगनाची सून बाळंत झाली, चवथा दिवस आहे तिचा. तिले कोन पाहीन?” मी विनवलं, आई रागावली, शेवटी प्रणय गाडी घेऊन आला आणि आईने तिला जवळजवळ उचलूनच गाडीत बसवलं. दवाखान्यात तिला बांगड्या काढायला सांगितल्या. ती नाही म्हणाली. तिथल्या पोरीने शांतपणे विचारलं, छातीचा स्कॅन आहे, हात डोक्यावर ठेवाल ना आजी? ठेवले. बांगड्या हातातच राहिल्या.

डाव्या फुप्फुसात शेंगदाण्याएवढी गाठ होती. पसरलेली नव्हती. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात, कापून काढता येईल, पुढचं तपासणीनंतर कळेल. ही गाठ त्या न्हाणीघरांनीच दिली का, असं मी विचारलं. एका माणसाबद्दल ते छातीवर हात ठेवून कोणी सांगू शकत नाही, असं ते म्हणाले, आणि मलाही ते माहीत होतं. एक गोष्ट मात्र त्यांनी बजावली. बंद, वाफेच्या खोलीत हिने पुन्हा पाऊल टाकायचं नाही.

ऑपरेशनच्या आदल्या सकाळी ती नेहमीच्या वेळेला आली. माझ्या लेकीचा एकविसावा दिवस होता. मी म्हटलं, मावशी, आज राहू दे. तिने पाट न्हाणीघराबाहेर, परसदारी तुळशीपाशी टाकला आणि पदर खोचून त्यावर बसली.

“मी इथं बसली. आत तू जाय. आपल्या हातानं घाल.”

“मला नाही येत गं!”

“मले का मायच्या पोटातून येत होतं? पाय लांब कर. लेकराले उपडी घे, डोकं घोट्यापाशी. मान धर. मान!”

दार उघडं होतं, खिडकी उघडी होती. कालचं पाणी आंगणात हंड्यात तापवून आईने बादली आणून ठेवली होती. मी पाय पसरून बसले. तेलाने निसरडी झालेली माझी लेक पायांवर उपडी घेतली. बाहेरून मावशी न बघता सांगत होती आणि मी करत होते. पाठ, काखा, मानेची घडी. मध्ये ती खोकली आणि थांबली. मीही थांबले.

“थांबली काहून? पानी घाल. जरा गरम आहे, थंडं मिसळ.”

“तुला बाहेरून कसं कळलं?”

“रडण्यावरून. मिसळ लवकर.”

मी गार पाणी मिसळलं. पहिला तांब्या ओतला. लेकीने दोन्ही मुठी आवळल्या आणि असा टाहो फोडला की शेजारची कुत्री भुंकायला लागली. मी घाबरून तिला उचलायला गेले.

“मावशी, खूप रडतेय गं, उचलू का?”

बाहेर बांगड्या किणकिणल्या.

“खिडकी खुली आहे ना?”

“आहे.”

“मंग रडू दे,” सुगरतामावशी म्हणाली. “छाती भरून रडू दे तिले.”